सेन्सर खरं सांगत होता

आमचे घरमालक काका शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टायरमधली हवा मोजायचं गेज लावत. पितळी, बोटाएवढं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. सकाळी दूध आणायला निघाले की वाटेत उभ्या असलेल्या गाड्यांपाशी वाकायचे, टायरला गेज लावायचे आणि मालक आसपास दिसला तर सांगायचे, "मागच्यात कमी आहे." मालक नसला तर स्वतःशीच मान हलवून पुढं. आडगाव नाक्याच्या अलीकडं आमची कॉलनी. तिथं नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी तर त्यांना स्कूटरची हवा सोडताना रंगेहाथ पकडलं म्हणून आरडाओरडा केला होता. काकांनी गेज त्यांच्याच हातात दिलं आणि आकडा वाचायला लावला. बाई वरमल्या. हवा खरंच कमी होती.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही, म्हणजे मी आणि बायको, चार वर्षं भाड्यानं राहिलो. मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होतो आणि बायको पंचवटीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. घर बघायला गेलो तेव्हा काकांनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, मांसाहार करता का हेही विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या घरात घड्याळं किती?"

"तीन," मी म्हणालो.

"त्यातलं बरोबर कोणतं?"

मी भिंतीवरचं म्हणणार, एवढ्यात बायको म्हणाली, "एकही नाही. मी शाळेच्या घंटेवर चालते."

काका खूश झाले. "किल्ली द्या यांना," असं आत काकूंना सांगितलं आणि वर जाऊन नळाला पाण्याचा दाब किती आहे हे आम्हाला दुसरं, मोठं गेज लावून दाखवलं. पुढं चार वर्षं त्यांनी मला नावानं हाक मारली असेल तर मला आठवत नाही. मी त्यांचा "अहो, वरचे" होतो. बायको मात्र "मॅडम".

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात काढली होती. विमान किती उंचीवर आहे, दाब किती आहे हे वैमानिकाला सांगणारे जे काटे असतात, ते बरोबर दाखवतात का हे टेबलाशी बसून तपासायचं, हे त्यांचं काम. स्वतः विमानात एकदाही बसले नाहीत. गाडी चालवायलाही शिकले नाहीत. कारखान्याच्या बसनं गेले आणि बसनंच परत आले. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात मंगलाष्टकं किती मिनिटं चालली ते यांना अजून सांगता येतं. मी कोणत्या रंगाचा शालू नेसले होते ते विचारा."

काका म्हणायचे, "ते मोजता येत नाही."

जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांनी हवेचा दाब दाखवणारं एक गोल यंत्र टांगलं होतं. रोज सकाळी आठला ते यायचे, काचेवर बोटानं दोन टिचक्या मारायचे, काटा स्थिरावू द्यायचे आणि आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायचे. पाऊस येणार का, असं कुणी विचारलं तर चिडायचे. "मी पावसाचं लिहीत नाही. दाब लिहितो."

त्यांच्यासमोर कुठल्याही वस्तूला खराब म्हणायची सोय नव्हती. मिक्सर खराब झाला असं बायको एकदा बोलून गेली, तर म्हणाले, "मॅडम, खराब म्हणू नका. काय करतो ते सांगा. फिरत नाही, की फिरतो आणि वाटत नाही?" कुकरच्या शिट्ट्या मोजून डाळ शिजवणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. आणि आकड्यावरून वाद झाला की ठरलेलं वाक्य यायचं: "आकडा खोटा नसतो. तो कुठं उभं राहून घेतला ते विचारा."

या वाक्यावरून बायकोचं आणि त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. पाणी शंभर अंशाला उकळतं असं ती वर्गात शिकवून आली होती. काका म्हणाले, "आपल्याकडं नाही उकळत." तिनं पुस्तक दाखवलं. काकांनी पुस्तकाकडं बघितलंही नाही. गच्चीवर स्टोव्ह नेला, पातेलं ठेवलं, आपलं तपासलेलं थर्मामीटर बुडवलं. पाणी खळखळा उकळत होतं आणि पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबला होता. "पुस्तक समुद्रकाठी लिहिलंय," काका म्हणाले. "आपण वर राहतो. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं." दुसऱ्या दिवशी बायको ते थर्मामीटर मागून शाळेत घेऊन गेली. तेव्हापासून त्या दोघांचं मेतकूट जमलं आणि मी आपला वरचाच राहिलो.

कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट होता, कॉलनीच्याच मालकीचा. दिंडोरीकडच्या एका तिशीतल्या माणसानं तिथं पत्र्याची शेड टाकून गॅरेज सुरू केलं. बाप शेतकरी, हा सातपूरला एका वर्कशॉपमध्ये शिकून आलेला. हातात स्कॅनर घेऊन गाडीचा दोष वाचणारा आमच्या भागातला तो पहिलाच. उद्घाटनाच्या दिवशी काका गेले, नारळाचा प्रसाद घेतला आणि त्याच्या हवा भरायच्या यंत्राचा काटा दोन अंकांनी पुढं आहे असं सांगून आले. दुसरा कुणी असता तर रागावला असता. हा दुसऱ्या दिवशी काटा खोलून काकांकडं घेऊन आला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी काका त्याच्याकडं जाऊन काटा तपासत आणि तो त्यांना चहा पाजत असे.

आता माझ्या गाडीकडं येतो. मी जुनी, बारा वर्षं चाललेली पेट्रोल गाडी घेतली होती. दीड-दोन वर्षं नीट चालली आणि मग एका उन्हाळ्यात तिनं छळायला सुरुवात केली. सकाळी घरून निघताना एकदम झकास. हायवेवर अर्धा तास पळाली की पुढं टोलनाक्याच्या रांगेत इंजिन धापा टाकायचं, मागून काळा धूर निघायचा आणि गाडी बंद. मागं कांद्याचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवताहेत आणि मी किल्ली फिरवतोय. एकदा बायको शेजारी बसलेली असताना उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली. मागचा टेम्पो हातभर अंतरावर येऊन थांबला. दुसऱ्या दिवसापासून ती बसनं जायला लागली.

गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो. इंजिन चालू असलं की तो पोकळी किती आहे ते सांगतो आणि त्यावर गाडी पेट्रोल किती सोडायचं ते ठरवते. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, तर त्यानं बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. गॅरेजवाल्याच्या तक्त्यात तिथं एकशे एक लिहिलं होतं. माझ्या गाडीत चौऱ्याण्णव-पंचाण्णव येत होते.

"सेन्सर गेला, दादा," तो म्हणाला. नवीन बसवला. तरी पंचाण्णव. "पीसच डुप्लिकेट आला वाटतं," म्हणून दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला. पंचाण्णव. तिसराही पंचाण्णव. आणि टोलनाक्यावर गाडी पुन्हा बंद.

तिसऱ्या वेळी टोलनाक्यावर उभ्या उभ्या मी मोबाइल काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, "कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये डुप्लिकेट पार्ट बसवतात. माझ्या गाडीत तीन वेळा बसवले. सावध राहा." घामानं शर्ट अंगाला चिकटला होता आणि मागचा ट्रकवाला माझ्या आईचा उद्धार करत होता. पण हे कारण झालं, लिहिलं ते मीच. संध्याकाळपर्यंत आठ-दहा अंगठे आले, दोघांनी आपल्यालाही तसाच संशय होता असं कळवलं. आठवडाभरात गॅरेजसमोर कॉलनीची एक गाडी दिसेना. शेवटी सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, की गॅरेजला प्लॉट पुढं द्यायचा की नाही ते रविवारच्या बैठकीत ठरवू. द्यायचा नाही असं ठरलं असतं, तर त्याला शेड उचलून गावी जावं लागलं असतं.

काकांकडं स्मार्टफोन नव्हता. त्यांना हे काकूंकडून कळलं शुक्रवारी दुपारी. ते वर आले. माझी साप्ताहिक सुट्टी होती, मी आडवा पडलो होतो.

"अहो, वरचे. तुम्ही लिहिलंत, डुप्लिकेट?"

"तीनदा बदललाय, काका. तिन्ही खराब निघाले."

"खराब म्हणू नका. काय दाखवतात?"

"पंचाण्णव. पाहिजे एकशे एक."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग खाली उतरले, जिन्यातलं गोल यंत्र खिळ्यावरून काढलं, बाळ घ्यावं तसं दोन्ही हातांत घेतलं आणि गॅरेजकडं चालू लागले. मी चपला घालून मागं. टोलनाक्यावरून ओढून आणल्यापासून माझी गाडी तिथंच पडून होती. गॅरेजवाला स्टुलावर नुसता बसून होता. काकांनी यंत्र गाडीच्या टपावर ठेवलं, टिचक्या मारल्या.

"वाच."

"नऊशे पंचेचाळीस."

"दहानं भाग. तुझं एकक दहापट मोठं आहे."

त्यानं मनात भागलं आणि स्कॅनरकडं पाहिलं. तिथं चौऱ्याण्णव होते, कधी पंचाण्णव. तो पुन्हा यंत्राकडं बघायला लागला.

"तुझा तक्ता समुद्रकाठचा आहे," काका म्हणाले. "नाशिक समुद्रावर आहे का? सेन्सर खरं सांगतोय. तिन्ही खरं सांगत होते. पहिलाही."

"म्हणजे पहिलाच चांगला व्हता?" त्यानं कपाळावर हात मारला. "लय येडा मी, काका. तीन पीस बदलले आन् तक्त्याकडं कदी पाह्यलंच नाय."

"मग गाडी बंद का पडते?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. मला अजून बरोबर असायचं होतं.

"ते बघू. आधी खरं काय ते कळलं. आता तो खरं सांगत असूनही गाडीला चुकीचं का ऐकू येतं, ते शोधायचं." त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. सेन्सर एका बाजूला होता आणि इंजिनापासून त्याच्यापर्यंत वीतभर लांबीची काळी नळी आलेली. "दाब याच्यातून येतो ना? काढ ही."

गॅरेजवाल्यानं नळी काढली. काकांनी तिचं एक टोक बोटानं बंद केलं, दुसऱ्या टोकाला गॅरेजमध्ये तेल भरायला ठेवलेली गुरांना टोचायची मोठी सिरिंज लावली आणि दट्ट्या ओढला. नळीला काही झालं नाही. गळतही नव्हती. मग काकांनी समोरच्या टपरीवरून चहाच्या उकळत्या पाण्याचा डबा मागवला. नळी त्यात बुडवून मिनिटभर थांबले, चिमट्यानं बाहेर काढली आणि पुन्हा दट्ट्या ओढला. नळी मधोमध चपटी झाली, रसवंतीत रस संपल्यावर ओढत राहिलं की प्यायची नळी होते तशी.

"गार असली की ठीक. इंजिन तापलं की मऊ पडते, पोकळीनं चिकटते. पुढचा दाब सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. तो बिचारा आधीचाच, जास्तीचा दाब सांगत बसतो, गाडी जास्तीचं पेट्रोल पिते आणि गुदमरते." काकांनी नळी उजेडात धरली. "पण ही इथली नाही. रबराची नाही ही."

"ठिबकची हाय," गॅरेजवाला नळी हातात घेऊन म्हणाला. "आमच्या बागंत हीच हाय. मी रोज बघायचो, पण बसली इतकी फिट व्हती की ध्यानातच आलं नाय. कुणी घातली ही?"

खरं सांगतो, तोवर मला आठवलं नव्हतं. ती नळी बाहेर आली आणि आठवलं. आदल्या वर्षी छाटणीच्या वेळी गाडी गावी आठ दिवस बागेत उभी होती. उंदरानं मूळची नळी कुरतडली. मी ठिबकच्या बंडलातला वीतभर तुकडा कापला, दोन्हीकडं दाबून बसवला आणि आपल्या डोक्याचं स्वतःच कौतुक करत नाशिकला आलो. ते कौतुक मी दोन दिवसांत विसरलो.

"आधीच्या मालकानं घातली असेल," मी म्हणालो.

गॅरेजवाल्यानं मान डोलवली. काकांनी यंत्र उचललं. आम्ही परत आलो. जिन्यात यंत्र खिळ्यावर टांगून झाल्यावर पाठमोरेच म्हणाले, "तुमच्याकडं द्राक्षबाग आहे ना?"

"आहे."

"ठिबक?"

"आहे." मग म्हणालो, "मीच घातली, काका."

"मग तसं लिहा. सेन्सर चांगले होते, नळी तुमची होती. रविवारच्या आत." आणि दोन पायऱ्या खाली उतरलेले पुन्हा वर आले. "पहिलं पुसू नका. चुकीचं तसंच ठेवायचं, खाली बरोबर लिहायचं आणि आपलं नाव घालायचं. आम्ही तसंच करायचो."

मी वर जाऊन मोबाइल घेऊन बसलो. ग्रुपवर ऐंशी माणसं. त्यांत बायकोच्या शाळेतले दोघं, माझ्या पॅकहाउसला माल घालणारे एक. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी टाकलं, "माझ्या गाडीचा प्रॉब्लेम सुटला आहे. सर्वांचे आभार," आणि पुढं दोन जोडलेले हात. संध्याकाळी काकांनी खालूनच विचारलं, "लिहिलं?"

"लिहिलं," मी वरून म्हणालो.

शनिवारी सकाळी नवी रबरी नळी बसली होती. काका काटा तपासायला निघालेच होते, मला म्हणाले चला, तुमची गाडी घ्यायला. गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली. काकांनी कुणाच्या पाठीवर थाप मारलेली मी पहिल्यांदा बघितली. "आता उद्याची काळजी करू नको. यांनी सगळं लिहून टाकलंय. नळी मीच घातली म्हणून स्वतःच्या नावानं लिहिलंय. असं कोण लिहितं हल्ली?"

गॅरेजवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. तो ग्रुपवर होता. त्यानं माझे ते दोन जोडलेले हात वाचलेले होते. आणि नळी कुणी घातली हे त्याला या क्षणी कळत होतं.

"हो काका," तो म्हणाला. "वाचलं मी."

काका समाधानानं हवेच्या यंत्राकडं गेले. मी पुटपुटलो, "तू सांगितलं का नाहीस?"

"एवढा खूश झालेला माणूस," तो म्हणाला. "मी कशाला मोडू?" आणि पाने पुसायला लागला. त्याची शेड उद्या राहणार की जाणार हे ठरायचं होतं, आणि तो माझी अब्रू सांभाळत होता. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. मी तिथंच, गाडीला टेकून, सगळं लिहिलं. तक्ता, तीन चांगले सेन्सर, उंदीर, ठिबक, आदल्या दिवशी आधीच्या मालकाच्या नावानं मारलेली थाप, सगळं. खाली पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं.

रविवारी कॉलनीच्या मंदिरासमोर सतरंज्या टाकून बैठक झाली. गॅरेजवाला मागं उभा होता. ज्यांच्याकडं मोबाइल नाही त्यांच्यासाठी सेक्रेटरींनी माझा मेसेज मोठ्यानं वाचला. ठिबकच्या नळीला लोक खळखळून हसले. मीही हसलो. प्लॉट आणखी तीन वर्षं त्यालाच द्यायचा असं एका मिनिटात ठरलं आणि तिथल्या तिथं दोघांनी त्याला सर्व्हिसिंगची वेळ विचारली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग सेक्रेटरी, कागद नीट ठेवणारा माणूस, इतिवृत्त लिहिणाऱ्याला म्हणाले, "नोंद घ्या. मेसेज काल, शनिवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आलेला."

काका माझ्या पुढच्याच रांगेत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त हसायचे थांबले.

घरी येताना आम्ही दोघंच होतो. फाटकापाशी ते थांबले.

"शुक्रवारी संध्याकाळी मी विचारलं होतं. लिहिलं म्हणालात."

"हो, काका. चुकलं माझं."

"नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी तपासलं नाही."

एवढंच बोलून आत गेले. त्यांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती, घर रिकामं करा म्हणाले असते, तरी चाललं असतं. तसलं काही झालं नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्याच घरात राहिलो. काका माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, दिवाळीला फराळ पाठवायचे, माझ्या गाडीची हवा बघायचे. पण मला काही विचारलं, टाकी भरली का, गेट लावलं का, आणि मी हो म्हणालो, की ते बायकोकडं बघायचे. ती हो म्हणाली की मग मान हलवायचे.